प्रेमाचा क्रम कितवा?

अलीकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : शिक्षण, नोकरी, घर, मैत्री आणि स्वतःच्या आवडीनिवडी यांच्यामध्ये प्रेमाला, किंवा जोडीदाराच्या शोधाला, किती स्थान द्यावे? ही पत्रे संक्षिप्त करून आणि ओळख पटेल असे तपशील वगळून उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील असून माझे वय २६ आहे. पदवीनंतर पुण्यात नव्या पेठेत खोली घेऊन महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत आहे. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, पण अंतिम यादीत नाव आले नाही. अभ्यासिकेत ओळख झालेल्या एका मुलीशी माझे दोन वर्षांपासून प्रेमसंबंध आहेत. तिने यंदा तयारी थांबवून खासगी कंपनीत नोकरी धरली. आमच्या जाती वेगळ्या असल्यामुळे दोन्ही घरी काही सांगितलेले नाही. खोलीतले मित्र म्हणतात, ‘आधी पोस्ट काढ, मग मुलींची रांग लागेल; वर्षभर तिच्याशी बोलणे बंद कर.’ वडील उसनवारी करून पैसे पाठवतात आणि मी मात्र रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चहाला जातो, याची मलाही टोचणी लागते. परीक्षा संपेपर्यंत हे नाते बाजूला ठेवावे का?

उत्तर : तुमच्या पत्रात वडिलांचे कष्ट आहेत, मित्रांचे मत आहे, तुमची टोचणी आहे, परंतु त्या मुलीला काय वाटते, हे कोठेही आलेले नाही. माझ्या दृष्टीने खरी अडचण तेथेच आहे. अभ्यासाला पहिला क्रम देण्यात काहीही गैर नाही, आणि प्रेमाला दुसरा किंवा तिसरा क्रम दिल्याने प्रेम खोटे ठरत नाही. मात्र जो क्रम तुम्ही मनाशी ठरवाल तो तिला स्पष्ट शब्दांत सांगता आला पाहिजे आणि तो ऐकल्यावर थांबायचे की नाही, हे तिला ठरवता आले पाहिजे. तिला न विचारता वर्षभर बोलणे बंद करणे म्हणजे निर्णय तुम्ही घेणे आणि त्याचा भार तिने वाहणे.

आधी अभ्यासाचे पाहू. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. दोन भाषांच्या प्रश्नपत्रिका पात्रतेपुरत्या धरल्या जातात आणि उरलेल्या सात प्रश्नपत्रिकांचे १७५० गुण व मुलाखतीचे २७५ गुण मिळून गुणवत्ता ठरते. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याची वर्षानुवर्षे सवय झालेल्या उमेदवाराला आता रोज हाताने लिहावे लागते, लिहिलेले जाणत्याकडून तपासून घ्यावे लागते, आणि त्यासाठी दिवसातले सलग, निवांत तास लागतात. हे तास संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या चहाने सहसा जात नाहीत. ते जातात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मेसेजांत, टेलिग्रामवरच्या कट-ऑफच्या चर्चांत आणि न सुटलेल्या भांडणानंतर पुस्तक समोर उघडे ठेवून घालवलेल्या दिवसांत. तुम्ही एक आठवडाभर रोजच्या वेळेची प्रामाणिक नोंद ठेवा. त्या नोंदीत चहाचा दोष किती आणि मोबाइलचा किती, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

प्रेमाने मन विचलित होते, ही समजूत निराधार नाही. प्रेमात पडल्यावरच्या सुरुवातीच्या काळात मन खरोखरच दुसरीकडे लागत नाही. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूची एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे दाखवणारी, तपासणी केली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्रिय व्यक्तीचे छायाचित्र पाहताना मेंदूतील डोपामाइन या रसायनाशी निगडित आणि एखादी गोष्ट मिळवण्याच्या ओढीशी संबंधित असलेले भाग सक्रिय होत असल्याचे दिसले. परंतु ही तीव्र अवस्था कायमची नसते, आणि तुमच्या नात्याला तर दोन वर्षे झाली आहेत. दोन वर्षांनंतरचे नाते बहुधा आधार देणारे असते. नापास झालेल्या संध्याकाळी ज्याच्याशी बोलता येते असे माणूस असते. तुमच्या मित्रांचा सल्ला सुरुवातीच्या उन्मादाला कदाचित लागू पडला असता. दोन वर्षे जोडलेले नाते मध्येच तोडून टाकले, तर वर्षभर तेच मनात घोळत राहण्याची शक्यता अधिक आहे.

आता तिच्या बाजूने विचार करा. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला आयोगाची परीक्षा वयाच्या ३८ वर्षांपर्यंत देता येते. तुमच्या हातात अजून बरीच वर्षे आहेत, असे तुम्हाला वाटणे त्यामुळे स्वाभाविक आहे. तिच्या हातात ती वर्षे नाहीत. तयारी करणाऱ्या मुलीला ‘अभ्यास चालू आहे’ एवढे सांगून घरच्यांना काही काळ थोपवता येते. नोकरी लागली की ते कारण संपते आणि स्थळे येऊ लागतात. आपल्याकडे पंचविशीतल्या मुलीच्या घरी हा विषय किती वेळा निघतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे तुम्ही ‘एक वर्ष’ म्हणता, तेव्हा तुमच्यासाठी तो एक अटेम्प्ट असतो आणि तिच्यासाठी मात्र प्रत्येक सुटीत घरी जाऊन दिलेला एक नकार असतो. जागा काही शे आणि अर्ज लाखाहून अधिक, अशा परीक्षेत ते एक वर्ष एकच राहील, याची हमी कोणालाही देता येत नाही.

पोस्ट मिळाली की घरचे जातीचा प्रश्न विसरतील, अशी आशा तुम्ही दोघांनी धरली असावी, असे पत्रावरून वाटते. पुष्कळ मुले ही आशा धरतात आणि काही घरांत ती खरीही ठरते. पण उलटेही घडते. मुलगा अधिकारी झाला की जातीतली मोठमोठी स्थळे दाराशी येतात, मानपानाच्या नावाखाली आकडे बोलले जातात आणि काल गप्प असलेले नातलग आज हक्क सांगू लागतात. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून अस्तित्वात असला तरी हा व्यवहार थांबलेला नाही, आणि तुमच्या मित्रांनी उच्चारलेली ‘मुलींची रांग’ याच व्यवहाराची आहे. ते वाक्य त्या मुलीच्या कानावर गेले असेल तर तिला काय वाटले असेल, याचा विचार करा. आंतरजातीय विवाहासाठी कायद्याने वयाची अट घातली आहे, म्हणजे मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. घरच्यांच्या संमतीची किंवा सरकारी पदाची अट त्यात नाही. पदामुळे धैर्य येते असे वाटत असेल, तर ते धैर्य आज किती आहे, हे आजच तपासून पाहायला हवे.

म्हणून माझा सल्ला असा आहे. एखाद्या रविवारी दोघांनी निवांत बसून, मोबाइल बाजूला ठेवून बोला. तुम्ही आणखी किती अटेम्प्ट देणार आहात, ते आकड्यात सांगा. पोस्ट निघाली नाही तर उपजीविकेसाठी काय करणार, हेही सांगा. कारण प्लॅन बी नसलेल्या माणसाने दुसऱ्याला थांबायला सांगणे अन्यायाचे आहे. घरी कधी सांगायचे, आधी कोणाला सांगायचे, एखादी मामी, काकू किंवा थोरला भाऊ विश्वासात घेता येईल का, हे दोघांनी मिळून ठरवा. त्यानंतर तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. तिने थांबायला नकार दिला तर तो विश्वासघात मानू नका. तिच्या आयुष्याचा क्रम लावण्याचा तिलाही तेवढाच अधिकार आहे. ती थांबायला तयार झाली तर रोजची व्यवस्था अवघड नाही. संध्याकाळचा चहा राहू द्या, रात्री ठरलेल्या वेळेनंतर फोन बंद ठेवा आणि मुख्य परीक्षेपूर्वीच्या महिन्यांत भेटी कमी होणार असतील तर ते आधीच, तारखेसह सांगा.

वडिलांविषयीची तुमची टोचणी मला मोलाची वाटते, पण तिची दिशा चुकली आहे. वडिलांना तुमच्या चहाचा हिशेब द्यायची गरज नाही. आणखी किती काळ पैसे पाठवावे लागतील, हे मात्र त्यांना खरेखरे सांगायला हवे, आणि तुमच्या पत्रावरून ते सांगितलेले दिसत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरला औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकते. वय २०. माझ्या बहुतेक मैत्रिणींना बॉयफ्रेंड आहेत आणि माझा कोणीही नाही. मला कोणी आवडतच नाही असे नाही, पण त्यासाठी धडपड करावी असेही वाटत नाही. मैत्रिणी म्हणतात की मी फारच मागे पडले आहे. आमचे एकत्र फिरणे जवळजवळ बंद झाले आहे. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : नाही, तुमच्यात काहीही कमी नाही. वीस वर्षांच्या वयात प्रेमसंबंध नसणे ही उणीव नव्हे आणि त्यासाठी धडपड करावीशी न वाटणे हे लक्षणही नव्हे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या विकासाचे जे टप्पे मांडले, त्यांत ‘मी कोण आहे’ याची जाण घडण्याचा टप्पा आधी येतो आणि दुसऱ्या व्यक्तीशी गाढ जवळीक साधण्याचा टप्पा त्यानंतर. प्रत्येकाच्या बाबतीत हे इतक्या शिस्तीने घडते असे नाही, पण पहिल्या कामात आज तुमचे मन अधिक रमत असेल तर त्याला मागे पडणे म्हणता येणार नाही.

तुमच्या पत्रातले शेवटच्या काही ओळींतले दुःख मला अधिक खरे वाटले. मैत्रिणी दुरावल्या आहेत आणि त्याचा दोष तुम्ही स्वतःला देत आहात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबार यांनी माणसाच्या जवळच्या नात्यांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की नवा प्रेमसंबंध सुरू झाला की जवळच्या वर्तुळातली सरासरी दोन माणसे बाहेर पडतात. कारण मनाचा आणि वेळेचा मोठा वाटा एकाच व्यक्तीकडे जाऊ लागतो. मैत्रिणींचा वेळ कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्यापैकी जी सर्वांत जवळची असेल तिला, तक्रारीच्या सुरात न बोलता, ‘मला तुझी उणीव भासते, महिन्यातून एक दुपार आपल्या दोघींची ठेवू या’ असे सांगून पाहा. आणि महाविद्यालयातल्या इतर ओळखींनाही थोडा वाव द्या. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेल्या प्रदीर्घ अभ्यासाने जिव्हाळ्याच्या नात्यांचा आरोग्याशी आणि समाधानाशी असलेला संबंध पुन्हा पुन्हा दाखवला आहे, आणि ती नाती पती-पत्नीचीच असली पाहिजेत असे त्यात कोठेही नाही.

उद्या कोणी मनापासून आवडले तर जरूर पुढे व्हा. केवळ मैत्रिणींच्या रांगेत उभे राहण्यासाठी एखाद्या मुलाला होकार देणे मात्र त्या मुलावरही अन्याय करणारे ठरेल, कारण तुमचे मन त्याच्यात नाही हे त्याला ठाऊक नसेल.

प्रश्न : मी ठाण्यात राहते, सनदी लेखापाल आहे, वय ३२. तीन वर्षांपासून डेटिंग अॅपवर आहे आणि एका विवाहविषयक संकेतस्थळावर आईने माझे नाव नोंदवले आहे. रोज रात्री दीड-दोन तास प्रोफाइल पाहण्यात आणि चॅटिंगमध्ये जातात. शनिवार-रविवार कोणाला भेटायचे ठरेल म्हणून मोकळे ठेवते. त्यामुळे ट्रेकचा ग्रुप सुटला, गाण्याचा क्लासही सुटला. पुष्कळदा समोरची व्यक्ती आयत्या वेळी गप्प होते. लग्न झालेल्या मैत्रिणी म्हणतात की मी पुरेसे मनावर घेत नाही. आई म्हणते की वय निघून चालले. मला संसार आणि मूल दोन्ही हवे आहे. मी आणखी किती वेळ द्यायला हवा?

उत्तर : तुम्ही कमी वेळ द्यावा, असे मला वाटते. हे उत्तर तुमच्या आईला रुचणार नाही, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर सांगते.

तुम्ही आज जो वेळ देत आहात तो माणसांना मिळतच नाही. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्री जुळायला किती सहवास लागतो याचा अंदाज मांडला होता : नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. हे आकडे मैत्रीविषयीचे आहेत, परंतु जोडीदार निवडताना सहवास त्याहून कमी पुरेल, असे मानण्याचे कारण नाही. तुमचे रोजचे दीड-दोन तास मात्र पन्नास अनोळखी चेहऱ्यांवर दोन-दोन मिनिटे असे वाटले जातात. वर्षाअखेर त्या तासांची बेरीज फार मोठी भरते, आणि तरीही त्यातून एकाही माणसाची नीट ओळख होत नाही. अॅपची रचनाच अशी असते की पुढचे प्रोफाइल नेहमी एका बोटाच्या अंतरावर असते. वापरणारा पुन्हा पुन्हा येत राहिला तरच वर्गणी आणि जाहिराती यांचे उत्पन्न चालू राहते. अॅप टाकाऊ आहेत असे माझे म्हणणे नाही. ती ओळख करून देण्याची जागा आहे आणि तिचा उपयोग तेवढ्यापुरताच करावा.

आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि त्या दिवशी पाऊण तासापेक्षा अधिक वेळ अॅपवर घालवू नका. एका वेळी दोन-तीन जणांपेक्षा अधिक लोकांशी संवाद चालू ठेवू नका. चार-पाच दिवस लेखी बोलणे झाले की फोनवर बोला आणि दोन आठवड्यांच्या आत सार्वजनिक ठिकाणी, दिवसाउजेडी, तासाभरासाठी भेटा. कोठे आणि कोणाला भेटता आहात हे एखाद्या मैत्रिणीला सांगून ठेवा. जो माणूस महिनाभर मेसेज पाठवतो पण भेटण्याचा विषय निघाला की टाळतो, त्याने आपला क्रम तुम्हाला न सांगताच सांगितला आहे. अशा माणसाची वाट पाहत शनिवार मोकळा ठेवू नका. आणि ज्याला भेटाल त्याला, फार तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, ‘मला लग्न आणि मूल हवे आहे, तुमचा विचार काय आहे?’ असे सरळ विचारा. असे विचारल्याने समोरचा माणूस घाबरून जाईल, अशी भीती पुष्कळ मुलींना वाटते. जो या प्रश्नाने दूर जाईल तो वर्षभरानेही दूरच जाणार होता, आणि तुमच्या बाबतीत त्या एका वर्षाला महत्त्व आहे.

आईने नोंदवलेल्या संकेतस्थळालाही हेच लागू आहे. स्थळ आईकडून आले म्हणून ते जुनाट आणि अॅपवर भेटले म्हणून ते आधुनिक, असा भेद करू नका. आईने सुचवलेल्या मुलालाही तुम्ही एकट्याने तीन-चार वेळा भेटल्याशिवाय घरच्यांनी बोलणी सुरू करू नयेत, एवढी एक अट मात्र घाला. तासाभराच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर ‘आठवडाभरात कळवा’ असा निरोप येतो, तेव्हा शोधाला वेळ कमी पडतो तो तेथे.

ट्रेक आणि गाणे या दोन्ही गोष्टी पुन्हा सुरू करा. तेथे जोडीदार भेटेल म्हणून हे सांगत नाही. भेटला तर आनंदच आहे. ज्या आयुष्यात तुम्हाला जोडीदार हवा आहे ते आयुष्य तुम्ही आजच थांबवून ठेवले आहे, आणि त्यामुळे प्रत्येक भेटीवर नको इतके ओझे पडते. रविवारची एक भेट फसली तर सगळा आठवडा फसल्यासारखे वाटते, कारण त्या आठवड्यात दुसरे काही उरलेलेच नसते. रियाज चुकला नाही, डोंगरावरून उतरताना पाय दुखले, आणि संध्याकाळची भेट जमली नाही, तर तो दिवस तरीही तुमचा असतो.

राहिला मुलाचा प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण तुम्ही तो स्पष्टपणे मांडला आहे. स्त्रीची प्रजननक्षमता तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर अधिक वेगाने कमी होत जाते, हे वैद्यकीय सत्य आहे. त्याची भीती बाळगत कोणाच्याही गळ्यात माळ घालण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. एएमएच ही रक्ततपासणी केली तर अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती आहे याचा अंदाज येतो. नैसर्गिकरीत्या गर्भ राहील की नाही, हे मात्र त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही, त्यामुळे अहवाल डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांविषयीच्या, २०२१ च्या कायद्यानुसार २१ ते ५० या वयोगटातील अविवाहित स्त्रीलाही या सेवा घेता येतात. बीजे गोठवून ठेवणे खर्चिक असते आणि त्यातून मूल होईलच अशी हमी नसते, हेही डॉक्टरांना विचारून घ्या. एकट्या स्त्रीला आपल्या देशात कायदेशीर दत्तक घेता येते, आणि तिला मुलगा किंवा मुलगी यांपैकी कोणतेही मूल दत्तक मिळू शकते. यांतले काय करावे, हा तुमचा निर्णय आहे. परंतु मातृत्वाचा प्रश्न आणि जोडीदाराचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न म्हणून समोर ठेवलेत, तर जोडीदार निवडताना घाईचा काही भाग तरी कमी होईल.

आईला हे पत्र वाचायला द्या. तीन वर्षे तुम्ही मनावर घेतले नाही, हा आरोप खरा नाही, आणि हे तुमच्या तोंडून ऐकण्याऐवजी बाहेरच्या कोणाकडून ऐकले तर कदाचित तिला पटेल. त्यानंतर तिच्याशी एवढेच ठरवा, की स्थळांचा विषय आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी निघेल आणि उरलेले सहा दिवस तो जेवणाच्या ताटावर येणार नाही.